कसली आमटी?

आमच्या गल्लीत पद्माक्कांची पिठाची गिरणी सुरू असली की तिच्याकडे कुणाचं लक्ष नसायचं. ती थांबली की मात्र सगळी गल्ली कान टवकारायची. वीज गेली म्हणावी, तर घरातला पंखा फिरतोय. दुपारची वामकुक्षी म्हणावी, तर अक्का दुपारी आडव्या होणाऱ्यातल्या नव्हेत. मग कट्ट्यावर बसलेलं कुणीतरी म्हणायचं, "पोरगं आलं जनू कुठलं तरी." आणि खरंच, गिरणीच्या दारात पाठीला सॅक लावलेला एखादा मुलगा नाहीतर मुलगी अंग चोरून उभी असायची.

गिरणी चालू असताना माणसाला ओरडून बोलावं लागतं. आणि आपल्याला राहायला जागा नाही, मेसचं बिल भरता येत नाही, हे जगात कुणी ओरडून सांगत नाही. म्हणून अक्का पट्टा थांबवायच्या. दळण घेऊन बसलेल्या बायकांना म्हणायच्या, "जरा भाईर उभारा की. दळाण पळून चाललंय काय तुमचं?" बायका कुरकुरत बाहेर यायच्या. आत ते पोरगं हळू आवाजात काहीतरी सांगायचं. ते कुणालाच ऐकू यायचं नाही. अक्कांचं उत्तर मात्र तालमीपर्यंत ऐकू जायचं, कारण आयुष्यभर जात्याच्या घरघरीशेजारी उभं राहिल्यानं त्यांच्या गळ्याला बारीक आवाज म्हणून राहिलाच नव्हता.

मी मूळचा पेठ वडगावचा. कोल्हापुरात एका कॉलेजात इतिहास शिकवायला लागलो आणि अक्कांच्या गिरणीसमोर भाड्यानं राहायला आलो. प्राध्यापक असल्याचा माझा तोरा पहिल्याच आठवड्यात उतरला. गव्हाचा डबा घेऊन गेलो, तर पीठ उडून भुवया पांढऱ्या झालेल्या, काष्टा घट्ट मारलेल्या एका उंच बाईनं मला खालून वरपर्यंत पाहिलं आणि खडसावलं, "काय जेवलासा, मास्तर?"

"जेवलो की," मी म्हणालो.

"जेवला का न्हाय ते कुठं इचारलं? काय जेवला?"

मला वाटलं, बाई भोचक आहे. पुढे कळलं, तो भोचकपणा नव्हता, ती त्यांची युक्ती होती. आपल्याकडे कुणालाही 'जेवण झालं का' विचारा, 'झालंय' हेच उत्तर येतं. पोटात खड्डा पडलेला असला तरी 'झालंय'. अक्का म्हणायच्या, "झालंय म्हनायला काय लागतंय? रिकाम्या पोटाला लई सोपा शब्द हाय त्यो." म्हणून त्या 'झालं का' कधीच विचारत नसत. 'काय जेवलास' असं विचारलं की खोटं बोलणाऱ्याला ताटात काहीतरी वाढावं लागतं, आणि तिथंच तो सापडतो.

असाच एक सापडला होता संभा. गगनबावड्याकडचा, पहिल्या वर्षाचा. पोरगा असा काटकुळा की सॅकच त्याला उचलून चालल्यासारखी दिसायची. कुणाच्या तरी घरी खोली झाडून देऊन तिथंच राहायचा. मी वर्गात त्याची पेंगणारी मान पाहिली होती आणि अक्कांकडे जा म्हणून सांगितलं होतं. तो आला. गिरणी थांबली. मी दाराशीच होतो.

"काय जेवलास रं?"

"आमटी-भात."

"कसली आमटी?"

संभानं वर पाहिलं, खाली पाहिलं, पिठाच्या डब्यांकडे पाहिलं. पोराला एकही डाळ आठवेना. शेवटी म्हणाला, "आमटीचीच आमटी की, अक्का."

बाहेर उभ्या असलेल्या बायका फिस्सकन हसल्या. अक्का हसल्या नाहीत. गिरणीमागच्या खोलीत गेल्या, भाकरी आणि वाटीभर आमटी घेऊन आल्या आणि त्याच्यासमोर बसून राहिल्या. शेवटची भाकरी संपल्यावर त्यांनी परत विचारलं, "आता सांग. कसली आमटी?"

"चवळीची," संभा म्हणाला.

तेव्हा कुठं अक्का हसल्या, आणि अशा हसल्या की पत्र्यावरचं पीठ खाली पडलं. त्या दिवसापासून आमच्या गल्लीत खोट्याला 'आमटीची आमटी' म्हणायला लागले. नगरसेवक रस्त्याचं आश्वासन देऊन गेला की कट्ट्यावरून आवाज यायचा, "आमटीची आमटी!" बाहेरगावचा पाहुणा बिचारा बुचकळ्यात पडायचा.

अक्का कुणाला पैसे देत नसत. त्यांच्याकडे नव्हतेच. नवरा तरुणपणीच गेला, मूलबाळ नाही, एक भाचा तेवढा सांगलीला. आजकाल अर्ध्या गल्लीत पिशवीतलं पीठ येतं, त्यामुळे गिरणीही जेमतेमच. पण त्यांचं एक वाक्य होतं, "पैसा सोडून बोला. कोल्हापुरात पैसा सोडून समदं फुकट मिळतंय, मागायचं कुठं तेवढं ठावं पायजे." आणि त्यांना ते ठावं होतं, कारण दळण टाकायला सगळी पेठच त्यांच्या दारात येत होती. कुणाची वरची खोली रिकामी आहे, कुणाचा मुलगा इंजिनियर होऊन गेला आणि त्याची पुस्तकं माळ्यावर पडली आहेत, कोणत्या म्हातारीला रात्रीची सोबत हवी आहे, हे त्यांना दळणाबरोबर आपोआप कळायचं. मग दळण घेताना त्या हळूच, म्हणजे त्यांच्या मानानं हळूच, सुरू करायच्या. "वहिनी, तुमची माडी मोकळीच हाय न्हवं? उंदरं राहत्यात तिथं. त्यापरास एक पोरगी राहिली तर काय वाईट?" वहिनी आढेवेढे घेऊ लागल्या की अक्का हात पुढे करून पीठ चाळणीत घोळवत बसायच्या, डबा काही भरायच्या नाहीत. मुलीची सोय झाली की डबा भरायचा.

आमच्या पेठेतल्या शिंप्यानं किती मुलींचे प्रयोगशाळेचे पांढरे कोट फुकट शिवले, ते त्यालाही आठवत नसेल. चष्म्याच्या दुकानदाराला अक्का 'नंबरवाला' म्हणायच्या आणि पोरं थेट त्याच्याकडे धाडायच्या. मी कॉलेजात असल्यानं सरकारी सवलतींचं काम माझ्याकडे होतं. दाखले, उत्पन्नाचे कागद, त्याच्यावर शिक्के. हे सगळं जमेपर्यंत कित्येकदा वर्षच संपून जायचं. अक्का म्हणायच्या, "तुमच्या सरकारचं ताट मोठं हाय, मास्तर. वाढपीच तेवढा उशिरा येतोय."

जेवणाची सोय मात्र त्यांची खास होती. जुन्या काळी गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे, सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. मी एकदा सहज म्हणालो, "अक्का, तुम्ही वार लावून देता की हो." त्या एकदम तडकल्या. "वार कशाला म्हन्तासा? घाव घालायचाय काय कुणावर? पावणं म्हना की." कोल्हापुरात अनोळखी माणसालाही पावणं म्हणतात, रिक्षावाला प्रवाशाला म्हणतो, भाजीवाली गिऱ्हाइकाला म्हणते. अक्कांनी त्या शब्दाला खरं करून दाखवलं. एखाद्या घरी त्या सांगायच्या, "बुधवारी तुमच्यात पावणं धाडतोय. जास्तीचं काय करू नगासा. तुमी खातासा तेच." आणि त्या मुलाला सांगायच्या, "पावण्यागत जायाचं. भांडी घासून द्यायची न्हाईत, पाया पडायचं न्हाई. पावणं हायस तू."

आमच्या तरुण मंडळाच्या अध्यक्षाला एकदा या कामात पुण्यकर्माचा वास आला. तो गळ्यात साखळी घालून गिरणीत हजर झाला. "अक्का, आमी पन चार पोरांना जेवान देतो. चौकात फ्लेक्स लावू. पोरांचे फोटो, मधी तुमचा, वर माझा." अक्कांनी पट्टा थांबवला. बाहेर आम्ही सगळे सावध झालो.

"लाव की," त्या म्हणाल्या. "पयला तुझा जेवतानाचा फोटो लाव. तोंडात घास हाय, गालाला आमटी लागलीया, असा. तुझं चांगलं दिसलं की मग पोरांचं लावू."

अध्यक्ष गेला. दोन दिवसांनी आला आणि म्हणाला, "फ्लेक्स न्हाई लावत. पावणं धाडा." अक्का म्हणाल्या, "तुझ्या आईला इचारून सांग. रांधायचं तिला हाय." असा तो माणूस. आणि अशा अक्का. त्याच्या घरी पुढे तीन वर्षं एक मुलगा सोमवारी जेवत होता.

एवढं सगळं हसण्यासारखं सांगतोय खरा, पण काजलची गोष्ट तशी नाही.

काजल कबनूरची. तिचे वडील तिथंच मागावर कामाला. आयुष्य यंत्रमागाच्या खटखटाटात गेल्यानं कान गेलेले, आणि आता खांदाही दुखायला लागल्यानं पाळ्या कमी झालेल्या. काजल कोल्हापुरात बी.एस्सी.ला होती. कॉलेजच्या वसतिगृहात पहिल्या वर्षी नंबर लागला नव्हता. अक्कांनी तिची राहण्याची सोय एका निवृत्त परिचारिकेकडे केली आणि जेवणाची सोय पाच घरांत. गुरुवार होता चौगुले काकूंच्यात. चौगुले म्हणजे अक्कांसारखेच जैन, आणि स्वयंपाक असा की कांदा-लसणाशिवाय त्याला चव कशी येते, हे काकूंनाच ठाऊक.

काजल फारशी बोलायची नाही. पण अक्कांच्या प्रश्नाला तिच्याकडे नेहमी नेमकं उत्तर असायचं. शुक्रवारी सकाळी कॉलेजला जाताना ती गिरणीवरून जायची.

"काय जेवलीस काल काकूंच्यात?"

"मुगाची आमटी. दोडका. भाकरी."

अक्का खूश व्हायच्या. मला म्हणायच्या, "बगा मास्तर, ही पोरगी आमटीची आमटी कधी सांगत न्हाई."

दिवाळीनंतर काजल वाळायला लागली. मी वर्गाबाहेर तिला पाहायचो. वाटलं, अभ्यासाचा ताण असेल. संक्रांतीला घरी गेली ती परत आलीच नाही. परिचारिकेच्या घरी तिची वळकटी तशीच, पुस्तकं तशीच. अक्कांनी फोन केला तर म्हणाली, "आबांना बरं न्हाई, अक्का. येतो नंतर." आमच्याकडच्या बायका-मुली 'आलो, गेलो' असंच बोलतात, त्यात काही वेगळं नव्हतं. पण तो 'नंतर' काही आला नाही.

आणि मग एका सकाळी चौगुले काकू दळण घेऊन आल्या. मी तिथंच होतो. गिरणी सुरू होती, काकूंचेच जोंधळे पाटीतून खाली उतरत होते, आणि काकू सहज मोठ्यानं म्हणाल्या, "ती तुमची काजल बरीक गुणाची पोरगी. दिवाळीनंतर बी दर गुरवारी यायची, पण जेवूनच. दारातनंच म्हनायची, झालंय माझं. उगंच तरास नको म्हनून सांगायला यायची बिचारी."

अक्कांनी पट्टा थांबवला. अर्धं दळण जात्यात. असं त्या कधीच करत नसत, दगड तापलेला असतो, पीठ अडकतं. पण थांबवला. आणि त्या शांततेत अक्कांनी विचारलं, "किती वाजता यायची?"

"पयल्यांदा सा वाजता यायची, आमच्यासंगं जेवायची. मग दिवाळीनंतर अंधार पडल्यावर. आमचं झालेलं असायचं की तवर. मी म्हनायचो, आमचं झालं बाई, तुझं? ती म्हनायची, झालंय."

अक्का पिठाच्या पोत्यावर बसल्या. काकूंना अजून काही कळलं नव्हतं. मलाही थोडा वेळ लागला.

जैन घरात दिवस मावळायच्या आत जेवतात. चौगुले काकू तशा, अक्का तशा. पहिल्या सत्रात काजल वेळेवर पोचायची, सगळ्यांबरोबर जेवायची. दिवाळीनंतर दिवस लहान झाला आणि तिचं प्रॅक्टिकल दुपारचं झालं. ती पोचायची तेव्हा दिवे लागलेले. काकू दार उघडून म्हणायच्या, 'आमचं झालं, तुझं?' काकूंच्या मनात, भूक असेल तर वाढते, असं होतं. काजलला वाटलं, काकू सुचवतायत. परत येऊ नको म्हणून सुचवतायत. दोघीही सज्जन, दोघीही एकमेकींना त्रास नको म्हणून सांभाळून बोलणाऱ्या. आणि त्या सांभाळण्यात एक पोरगी सगळा हिवाळा गुरुवारी उपाशी झोपली.

दुसऱ्या दिवशी अक्कांनी गिरणीला कुलूप लावलं. आमच्या गल्लीनं ते कुलूप त्याआधी पाहिलं नव्हतं. मला म्हणाल्या, "मास्तर, तुमचं आज कॉलेज न्हाई. चला." आम्ही एस.टी.नं इचलकरंजीला गेलो, तिथून रिक्षानं कबनूरला. यंत्रमागांच्या शेडमागं पत्र्याचं घर. आत काजल कांडी भरायच्या यंत्राशी बसली होती, सुताच्या कांड्या भरत. आम्हाला पाहून उठली, हात ओढणीला पुसले.

तिचे वडील शेडमधून आले. कानानं बहिरे, म्हणून तेही ओरडूनच बोलणारे. दोन मोठे आवाज समोरासमोर आले.

"पोरीला धाडा की कॉलेजला!" अक्का ओरडल्या.

"धाडतो की! मी कुठं न्हाई म्हन्तोय!" ते ओरडले. "मीच सांगून दमलो! ती जात न्हाई! तिलाच इचारा की!"

काजल खाली बघत होती. अक्कांनी तिच्याजवळ जाऊन विचारलं, "काकूंच्यात जेवत न्हवतीस, तर मला कसं गं सांगायचीस? मुगाची आमटी, दोडका, समदं बरोबर?"

"दारात वास यायचा की, अक्का," काजल म्हणाली. "वासावरनं सांगायचो."

 मला तिथं उभं राहवेना. मी घराबाहेर आलो, पण दार उघडंच होतं.

अक्का तिला समजावत होत्या. आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवत्यात, एवढंच त्ये. काकूंच्या मनात तसं काय न्हवतं. रडाय लागल्यात काकू. चल. काजल ऐकत होती. तिला पटलंही असावं. शेवटी ती म्हणाली, "न्हाई अक्का. तुमचं कुणाचं काय चुकलं न्हाई. पर आता कुणाच्या दारात उभाराय पाय उचलत न्हाई माझा. माझं झालंय."

ते 'झालंय' शिक्षणाबद्दल होतं. अक्का उठून बाहेर आल्या, आणि आम्ही परत निघालो. 

परतीच्या एस.टी.त अक्का खिडकीशी बसल्या होत्या. हातकणंगले मागे पडलं. मग म्हणाल्या, आणि इतक्या बारीक आवाजात की मी कान जवळ नेला, "मास्तर, उभ्या जन्मात दिवस मावळल्यावर कधी जेवलो न्हाई मी. म्हनून ते कुणाला सांगायचं असतंय हेच ध्यानात आलं न्हाई. मला वाटलं, समद्या जगाला ठावं हाय." मी त्यांचा हात हातात घेतला. पिठानं तो कायमचा खरखरीत झाला होता.

त्यानंतर गिरणीत एक नवीनच प्रकार सुरू झाला. नवीन पोरगं आलं की अक्का आधी गिरणी थांबवून त्याचं ऐकून घ्यायच्या, पण मग पट्टा पुन्हा सुरू करायच्या. घरघर पूर्ण चढली की पोराच्या कानाशी ओरडायच्या, "आता म्हन! भूक लागलीया!"

पोरगं लाजायचं. "भूक लागलीया," असं पुटपुटायचं.

"आईकू आलं न्हाई! मोठ्यानं म्हन! हितं तुझं कोन आईकतंय?"

"भूक लागलीया!"

"आनि म्हन!"

शेवटी पोरगं बेंबीच्या देठापासून ओरडायचं आणि हसायला लागायचं. कुणी हसता हसता रडायचंही. अक्का सांगायच्या, "कुनाच्या बी दारात हेच म्हनायचं. झालंय म्हनायचं न्हाई. आनि जैनांच्या घरात दिवस मावळायच्या आत." दळण न्यायला आलेल्या बायका हा तमाशा पाहत राहायच्या. पण कुणी हसलं नाही कधी, चौगुले काकू तर नाहीच.

काजल परत आली नाही. अक्का दर दिवाळीला तिला फोन करायच्या. ती नीट बोलायची, आबांचं सांगायची, अक्कांची तब्येत विचारायची. कॉलेजचं नाव काढलं की म्हणायची, "बघू की अक्का."

गेल्या वर्षी अक्कांच्या छातीनं असहकार पुकारला. दवाखान्यातून आणताना डॉक्टर म्हणाले, पीठ फुफ्फुसात बसलंय. त्या हसून म्हणाल्या, "बसू द्या की, दळाण हाय आमचंच." गिरणीमागच्या खोलीत पलंग टाकला. गिरणी बंद. आणि गल्लीनं ठरवून टाकलं, की आता अक्का आपली पावणी. सोमवारी अध्यक्षाच्या आईकडून, मंगळवारी आमच्याकडून, गुरुवारी चौगुले काकूंकडून. दिवस मावळायच्या आत. कुणाला काही सांगावं लागलं नाही.

पण अक्का खायच्या नाहीत. एक घास घ्यायच्या आणि ताट बाजूला सारायच्या. कुणी विचारलं की म्हणायच्या, "झालंय."  आयुष्यभर ज्या शब्दाशी भांडल्या, तोच शेवटी त्यांनी धरला होता. मला राग यायचा, त्यांचा की नशिबाचा ते कळत नव्हतं.

एका गुरुवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसलो होतो. चौगुले काकूही होत्या, त्यांनी आणलेलं ताट तसंच झाकून ठेवलेलं. दिवे लागले होते. दारात कुणीतरी उभं राहिल्याची सावली पडली. काजल होती. हातात डबा. कामाची पाळी सुटल्यावर थेट एस.टी. धरून आली होती. अक्का आजारी असल्याचं काकूंनीच तिला कळवलं होतं.

ती दारातच थांबली. मला वाटलं, परत जाते की काय. काकूही उठून उभ्या राहिल्या.

"अक्का, डबा आनलाय," काजल म्हणाली.

अक्कांनी खिडकीकडे पाहिलं. बाहेर अंधार. पुन्हा काजलकडे पाहिलं. "माझं झालंय गं," त्या म्हणाल्या.

काजल आत आली, पलंगाशेजारी खाली बसली, डबा मांडीवर ठेवला. "काय जेवला?" तिनं विचारलं.

अक्कांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली. मग ओठ हलले. "आमटी."

"कसली आमटी?"

"आमटीची," अक्का म्हणाल्या आणि हसल्या. हसता हसता खोकला आला, काकूंनी पाठ चोळली. काजल हसली नाही.

"मग मी थांबतो," ती म्हणाली. "सकाळी उन्हं आली की खावा."

"थांब," अक्का म्हणाल्या.  मग त्यांनी डोळे उघडून काजलला नीट पाहिलं आणि विचारलं, "तुला भूक लागलीया काय?"

काजलनं काकूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. गिरणी बंद होती. खोलीत सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.

"व्हय," ती म्हणाली. "भूक लागलीया."

चौगुले काकू ताट उघडून बसल्या. वाढलं. काजल जेवली, आणि अक्का पलंगावरून तिच्या एकेक घासाकडे बघत राहिल्या. मी निघालो तेव्हा त्या तशाच बघत होत्या. माझ्याकडे लक्षही गेलं नाही त्यांचं. मी त्यांना शेवटचं बघितलं ते तेव्हाच.

दिवस उगवायच्या आत अक्का गेल्या.

सकाळी गल्ली जमली. भाचा सांगलीहून यायचा होता. काजल गिरणीच्या दारात, बंद जात्याशेजारी बसली होती. मांडीवर डबा तसाच. मी तिच्याजवळ गेलो. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "काय आणलं होतंस?"

"आमटी."

"कसली?" सवयीनं तोंडातून गेलं.

"मुगाची," काजल म्हणाली. "काकूंच्यातली असती ना, तसली. कांदा न घालता केलती."

माझ्यामागं चौगुले काकू उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "मी कधी शिकवली गं तुला?"

"न्हाई काकू," काजल म्हणाली. "दारात उभारून वास घेतलता न्हवं. त्यावरनं केली."